पोलादाचे मास्तर

"घाई कुनाला हाय गड्या, तुला का पोलादाला?" असं विचारत मास्तर भट्टीच्या तोंडापाशी उकिडवे बसायचे. अंगात कॉलेजचा कोट, डोक्याला घामाने भिजलेला पंचा आणि डोळ्याला निळी काच. काचेतून एकदा भट्टीत बघायचे, एकदा आमच्याकडे, आणि दोन्हीकडे सारखीच मान डोलवायचे. असा प्रोफेसर तुम्ही पाहिला असेल तर सांगा. मी तरी दुसरा पाहिला नाही.

ते मूळचे आटपाडीचे. काशीला शिकले, पूर्वेकडच्या पोलादाच्या कारखान्यात दहा वर्षं भट्टीवर काढली, आणि लढाई संपल्यावर बंगल्याची ती नोकरी सोडून इकडे इंजिनिअरिंग शिकवायला आले. कॉलेजात धातूंचे तास होते, पण भट्टी नव्हती. फळ्यावर भट्ट्या काढून काढून खडू संपले, असं ते म्हणायचे. म्हणून दर शनिवारी सात-आठ विद्यार्थी घेऊन सायकलींवरून सांगलीच्या आमच्या ओतकामाच्या कारखान्यात यायचे.

मी तिथे साचे भरणारा मिस्त्री. आमचं सगळं काम बिडाचं: शेगडीच्या जाळ्या, मोटेची चाकं, उसाच्या चरकाचे भाग. बीड ओतायला सोपं आणि फुटायलाही सोपं. ऐन गाळपात चरकाचं दातेरी चाक फुटलं की ऊस फडातच वाळायचा, आणि नवं चाक मुंबईहून यायला महिना जायचा. तेच चाक पोलादाचं ओतलं तर पिढीभर टिकेल, आणि ते इथल्याच पोरांनी ओतायचं, एवढंच मास्तरांच्या मनात होतं.

एकदा त्यांनी विद्यार्थ्यांना बजावलं, साचा मिस्त्रींकडून शिका, मला त्यातलं निम्मंच कळतं. मी चौथी पास. घरी जाऊन बायकोला हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सुरुवात केली तेव्हा तिने मुकाट्याने ताट वाढलं.

कॉलेजच्या मंडळींनी मास्तरांना एक शब्द दिला होता: एक चाक नीट ओतून दाखवा, भट्टी बांधून देऊ. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. वर्षभर त्यांनी त्या एका चाकाची तयारी केली. साचा चार दिवस वाळवून घेतला. पाण्याचा थेंब लागू देऊ नका, असं मला दोनदा सांगितलं.

आणि मी नारळ फोडला.

आमच्यात रीतच होती. हंगामाच्या पहिल्या साच्यावर नारळ फोडायचा, कुंकू लावायचं आणि नारळाचं पाणी शिंपडायचं. बिडाची वाळू मुळातच ओलसर असते, तिला चार थेंबांचं काय? मास्तरांच्या चाकाला देवाचा हात लागावा म्हणून, सगळे भट्टीकडे असताना, मी ते उरकून घेतलं. चांगल्या मनाने केलं, हे सांगायचीसुद्धा आता लाज वाटते.

रस ओतताच साचा गुरगुरला आणि उसळला. मास्तर सगळ्यांत पुढे होते. साच्याच्या तोंडाकडे नीट बघायला त्यांनी काच खाली घेतली होती. तापल्या रसाचा एक थेंब डाव्या डोळ्यात गेला. चाक निघालं ते अनारशासारखं जाळीदार.

डोळ्यावर पट्टी बांधून ते तिसऱ्या दिवशी आले, तेव्हा कॉलेजचे दोघेजण चौकशीला आले होते. फोडलेला साचा पुढ्यात पडला होता आणि वाळूच्या एका ढेकळावर कुंकू दिसत होतं. मास्तरांनी ते ढेकूळ उचललं, माझ्याकडे पाहिलं, मुठीत चुरलं आणि ढिगात टाकलं. मग त्या दोघांना म्हणाले, "साचा तपासायचं काम माझं होतं. मी तपासला नाही. चूक माझी."

ते दोघे गेल्यावर मी बोलायला लागलो, तर त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

"मिस्त्री, बिडाला चालतं. पोलादाला चालत न्हाई. आता कळलं न्हवं? मग झालं."

भट्टी झाली नाही. डावा डोळा गेला. उजवा जपायचा तर आगीसमोर उभं राहू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्ष संपल्यावर मास्तर कॉलेज सोडून साताऱ्याला बहिणीकडे राहायला गेले.

त्यानंतरचे कितीतरी शनिवार मी दुपारी कारखान्याच्या दारात नुसता उभा राहायचो. रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की मान वळायची. भाजीवाला असायचा, नाहीतर पोस्टमन. मला त्यांची फार आठवण यायची. हाताला काम सुचायचं नाही.

शेवटी मालकांच्या मागे लागलो. मास्तरांच्या दोन विद्यार्थ्यांना बोलावलं, आणि दीड वर्षाने आम्ही पोलादाचं एक लहान चाक ओतलं. सगळीकडून तपासलं, एक भोक नाही. ते पोत्यात गुंडाळून मी साताऱ्याची गाडी धरली. त्यांना काय सांगायचं, ते वाटभर मनात घोकत होतो. या वेळी त्यांनी थांबवलं तरी थांबायचं नाही, असं ठरवलं होतं.

दार बहिणीने उघडलं. मास्तर तीन महिन्यांपूर्वीच तापाने गेले होते. मला कळवायचं कुणाला सुचणार? मी चाक ओसरीवर ठेवलं आणि शेजारी बसलो. बहिणीने, म्हणजे आक्कांनी, चाकावरून हात फिरवला आणि तुम्ही दादाचे विद्यार्थी का, असं विचारलं. मी व्हय म्हणालो.

मग त्या सांगू लागल्या. दादा शेवटपर्यंत तेच बोलायचा. माझ्या हलगर्जीपणाने पोरांची भट्टी गेली, म्हणायचा. जेवताना मधेच घास खाली ठेवायचा.

मला ऐकवेना.

"आक्का, त्यांची चूक न्हवती. नारळ म्या फोडला हुता."

आक्कांनी चाकावरची नजर वर केली.

"कंचा नारळ?"