दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे

वाळत घातलेल्या मिरच्यांवरून वारा आला की ठसका लागायच्या आधी मला ती मुलगी आठवते. नंदुरबारला भरतीची बुद्धिमत्ता चाचणी होती आणि सकाळचा पेपर सुटल्यावर आम्ही केंद्राबाहेर, शेजारी वाळत घातलेल्या मिरच्यांच्या वाऱ्यात डोळे चोळत उत्तरं जुळवत होतो. उत्तरेला तोंड करून उभा असलेला माणूस दोनदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळला, तर त्याचं तोंड कुठे? मी ठणकावून ‘पूर्व’ म्हणालो. नर्मदाकाठच्या गावातून आदल्या दिवशी बोटीने निघालेली ती मुलगी उभ्या जागी तीनदा वळली आणि म्हणाली, “पश्चिम येतं.” “नाचीसन उत्तर येस का व?” नाचून कुठे उत्तर येतं, असं मी अहिराणीत म्हणालो, तसे सगळे हसले. तिने आणखी चार उत्तरं विचारली. तिचं एकही माझ्याशी जुळलं नाही. “मग दुपारच्या पेपरला बसून काय उपयोग? आत्ता जीप तरी मिळेल,” असं शाळेतल्या मराठीत म्हणून ती निघाली. मी हळूच प्रश्नपत्रिकेवर बोट फिरवून पाहिलं. पश्चिमच येत होतं. समोर जीप अजून भरत होती, खिडकीत ती दिसत होती. मी हाक मारली नाही. दुपारी माझ्या पुढचा तिचा बाक रिकामा होता आणि, आज सांगतो, तो बघून मला बरं वाटलं होतं.