हेट्टी ऑर्मरॉडची दुर्बीण

अर्नॉल्ड ऑर्मरॉडने पुढे दोनदा फुटबॉलची लीग जिंकली, एकदा कप उचलला, हे सगळ्या इंग्लंडला ठाऊक आहे. पेपरवाले अजूनही अधूनमधून ब्रॅकनलीला येतात. हा एवढा मोठा मॅनेजर कुठल्या शाळेत गेला, कुठल्या गल्लीत चेंडू खेळला, असलं काहीबाही विचारतात आणि पाई खाऊन निघून जातात. त्याच्या बहिणीबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी तिच्या समोरच्याच घरात राहते आणि मला बोलायची हौस दांडगी, म्हणून आता न विचारताच सांगते.

त्यांची आई गेली तेव्हा अर्नॉल्ड नुकता रांगायला लागला होता आणि हेट्टी बारा वर्षांची होती. सकाळी पोराला माझ्या आईकडे टाकायची आणि कापडाच्या गिरणीत यायची. तिचे माग माझ्या मागांना लागून होते. तिथला खडखडाट असा, की कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये. त्यामुळे आम्ही बायका आवाज न काढताच बोलायचो. ओठ मोठे हलवायचे, भुवया आणि हात मदतीला घ्यायचे. आमच्याकडे याला मी-मॉ म्हणतात. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेच्या कागाळ्या सांगायची आणि मधल्या सगळ्या जणींना त्या फुकटात कळायच्या. तिशीतच हेट्टीचे कान गेले. तिला त्याचं फारसं वाटलं नाही. ऐकण्यासारखं लोक बोलतात तरी काय, असं म्हणायची. हळूहळू आवाज काढायचंही तिने सोडलं, सगळ्यांशी नुसत्या ओठांनीच बोलायची.

इतर गावांत भिंतींना कान असतात, आमच्या गावात खिडक्यांना डोळे आहेत. नवरा-बायको भांडायला बसले की आधी पडदा ओढतात.

अर्नॉल्ड खेळाडू म्हणून बेताचाच होता. गुडघा गेला आणि ऐन उमेदीत तो आमच्या ब्रॅकनली टाऊनचा मॅनेजर झाला. बघता बघता रडतखडत चालणारा संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये वर सरकायला लागला. समोरच्याने डाव बदलायचं मनात आणावं आणि अर्नॉल्डने त्याआधीच तोड काढावी. पेपरवाले लिहायचे की हा माणूस मनातलं वाचतो. मला मात्र वाटायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. कारण ऑफसाइड म्हणजे काय हेही ज्या हेट्टीला ठाऊक नव्हतं, ती एकही सामना चुकवायची नाही. मैदानाच्या पलीकडच्या कडेला, दोन्ही मॅनेजरांच्या बाकांच्या बरोबर समोर, पबवाल्याची घोड्यांच्या शर्यतीची दुर्बीण डोळ्याला लावून उभी राहायची. चेंडू कुठे आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसायचं.

एका शनिवारी मी मुद्दाम तिला चिकटून उभी राहिले, तेव्हा उलगडा झाला. ती पाहुण्या मॅनेजरच्या ओठांकडे बघत होती. तो आपल्या ट्रेनरच्या कानात काही बोलला, की ही तेच ओठांनी आणि हातांनी मैदानापलीकडे अर्नॉल्डला सांगायची. मॅनेजरने कडेवरून ओरडायला तेव्हा बंदी होती. ओठ हलवायला कुणाची बंदी असणार? आणि आमची अर्धी टीम गिरणीवाल्या आयांचीच पोरं, अर्नॉल्डचे ओठ त्यांना लांबूनही वाचता यायचे.

ही लबाडी नाही का, असं मी तिला विचारलंच.

"भर मैदानात तोंड उघडं टाकून बोलतात," ती म्हणाली. "मी काय डोळे मिटून घेऊ?"

मग एप्रिलमध्ये हंगामातला शेवटचा सामना आला. जिंकलो तर पहिल्या डिव्हिजनमध्ये, नाहीतर अर्नॉल्डला नारळ, असं क्लबच्या चेअरमनने तोंडावर सांगितलं होतं. दुसऱ्या अर्ध्यात पाहुण्यांचा गोलकीपर खांबावर आपटला. बदली खेळाडू त्या काळी नव्हताच. त्यांचा मॅनेजर धावत गेला, परत आला आणि ट्रेनरशी बोलला. मी हेट्टीकडे दुर्बीण मागितली. तिने दिली नाही, पण त्या मॅनेजरने स्वतःच्या कुशीवर ठेवलेला हात मला दिसला.

पलीकडून अर्नॉल्डने ओठांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

गोलकीपरला खांद्याने धडक देणं तेव्हा नियमात बसायचं, आणि आमचा बिली शटलवर्थ म्हणजे नुसता सांड. हेट्टीने दुर्बीण खाली केली. हात हलवून तिने सांगितलं, "काही नाही. दम लागलाय त्याला."

गोल झाला नाही. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि सोमवारी अर्नॉल्डची नोकरीही गेली.

त्या संध्याकाळी तो हेट्टीकडे आला. तिने चहा ठेवला. पडदा ओढायचं दोघांनाही सुचलं नाही आणि मीही काही खिडकीतून हलले नाही.

"काय म्हणाला होता तो?" अर्नॉल्डने विचारलं.

"बरगडी मोडलीय म्हणाला. कुणाला कळू देऊ नका म्हणाला."

"मला माहीत होतं. परत येताना तो हेच पुटपुटत होता आणि त्याचं तोंड माझ्याकडेच होतं. मीही याच घरात वाढलोय, हेट्टी."

हेट्टी किटली हातात घेऊनच वळली. "मग मला कशाला विचारलंस?"

तो टेबलाकडे बघत होता. मग मान वर करून म्हणाला, "तू नाही म्हणशील असं वाटलं. सांगितलं असतंस, तर बिलीला मी त्याच्या अंगावर घातला असता."

माझे डोळे भरून आले. मला वाटलं, किती चांगला हा पोरगा. हेट्टीला तसं वाटलं नाही. तिने किटली आदळली.

"म्हणजे सांगितलं तर पाप माझं, नाही सांगितलं तर हार माझी. तू मधल्या मध्ये साळसूद."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. तुझं हगणं-मुतणं मी काढलं, ते ठीक. हेही मीच करायचं? यापुढे स्वतः बघ. आणि नाही म्हणायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने म्हण."

महिन्याभरात त्याला मिडलँड्समधल्या बड्या क्लबने उचललं. तो तिला सामन्यांना न्यायला गाडी पाठवायचा आणि गाडी रिकामी परत जायची. दुर्बीण तिने पबवाल्याला परत देऊन टाकली. अर्नॉल्डने लीग जिंकली तेव्हा गल्लीने पताका लावल्या. हेट्टी पायरी घासत बसली होती.

मग तो कपच्या फायनलला पोचला. सामना माझ्याकडे टीव्हीवर बघायला मी तिला जवळजवळ ओढतच आणलं. एकास एक अशी बरोबरी असताना अर्नॉल्डच्या कप्तानाचं डोकं फुटलं. बाहेर त्याला पट्टी बांधली. पोरगा धड उभाही राहत नव्हता, पण आत जायला निघाला. ट्रेनरने अर्नॉल्डकडे बघितलं. दहा जणांत खेळायचं म्हणजे कप गेल्यातच जमा. पडद्यावर अर्नॉल्डचा चेहरा मोठा झाला आणि ओठ हलले. तेवढ्यात माझ्या मेल्या टीव्हीवर मुंग्या आल्या. मला त्यातून काही कळलं नाही, हेट्टीची नजर मात्र त्या ओठांवरून हलली नाही.

"काय म्हणाला? अगं, काय म्हणाला?" मी तिला गदागदा हलवलं.

हेट्टी रडत होती. कित्येक वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. तो घोगरा आवाज फुटला.

"नाही म्हणाला."