अर्ध्या तासावरची जाऊ

माझ्या धाकट्या दिरांचे केस विमानतळाच्या चौकशीच्या खिडकीत पिकले. विमानतळ म्हणजे एक खोली, एक खिडकी, एक फोन आणि समोर धावपट्टी. एकच लहान विमान खाडीपलीकडच्या तशाच विमानतळावर जातं आणि परत येतं. अंतर एकशे वीस किलोमीटर, वेळ अर्धा तास. हे भावजी झोपेतही सांगत. मात्र कुणी "किती वेळ लागतो?" म्हटलं, की आधी विचारत, "निघायला की पोहोचायला?"

निघण्याचा एक नियम होता. पलीकडच्या खिडकीवरच्या माणसानं धावपट्टी स्वतः बघून वैमानिकाला फोनवर "मोकळी आहे, या" म्हणायचं. तोवर विमान हलत नसे, कारण दोन्हीकडे धावपट्टीवर गाढवं बसत.

पलीकडच्या खिडकीवर एक बाई होत्या. "मोकळी आहे, या" एवढ्या संसारावर दोघांचं कधी जुळलं, घरात कुणाला पत्ता नाही. भेट मात्र नाही. भावजी तिकडे गेले, तर विमानाला परत कोण बोलावणार? त्या आल्या तरी तेच. कचेरीनं कळवलं, रजा मंजूर. खिडकी बंद ठेवू नये.

शेवटी बाई म्हणाल्या, "या महिन्यात आलात तर लग्न. नाहीतर मी नोकरी सोडून बहिणीकडे चालले."

भावजींनी ताट बाजूला सारलं.

"खिडकीत मी बसते," मी म्हटलं.

"वहिनी, वैमानिक ओळखीच्या आवाजाशिवाय उडत नाही."

"मग ओळख करून द्या! नवरीसारखे लाजताय काय?"

वैमानिकानं भिंतीआड उभं राहून माझी परीक्षा घेतली. "आजी, जरा मायेनं म्हणा."

"विमान बोलावतेय की जावई?"

"पुन्हा म्हणा."

शाळेत सिस्टरांनी छडीच्या धाकानं घोटून घेतलेले उच्चार या वयात कामाला आले. मी पास झाले.

भावजी नवा सदरा घालून उडाले. दुपारी फोन आला.

"वहिनी, लग्न लागलं!"

"इतक्यात?"

"खिडकीतूनच लागलं. ती आत, मी बाहेर. खिडकी बंद ठेवता येत नाही ना."

"बरं, आता दोघं या."

"दोघं? मग इथं कोण बसणार?"

"मग तुम्ही तरी या."

"बायकोला टाकून?"

मी बाहेर जाऊन धावपट्टी बघून आले आणि "मोकळी आहे, या" म्हटलं. विमान आलं, भावजी आले नाहीत.

तेव्हापासून मीच इथं बसते. परवा जाऊबाई फोनवर सांगत होत्या, "तुमचा आवाज आला की हे पिशवी उचलतात, विमानापर्यंत जातात, वाटेतली गाढवं हाकलतात आणि परत येऊन चहा मागतात."

"चेहरा कसा असतो त्यांचा?"

"सुखाचा, मेला!"

मी जावेला अजून पाहिलेलं नाही. फार लांब नाही ती, अर्ध्या तासावर आहे. पण मी गेले, तर इथं कोण बसणार?