घरगुतीचं डोमेस्टिक

न्हावा-शेवाच्या बंदराजवळच्या मुक्त व्यापार क्षेत्रातून पत्र आलं: आमची कंपनी अपात्र.

मुलुंडच्या गाळ्यात मी आणि माझी थोरली जाऊ मालवणी मसाला करतो. दुबईच्या एका दुकानदाराला तो नेहमी हवा होता, पण माल बंदराशेजारी तयार ठेवा, ही त्याची अट. नाहीतर तो दुसऱ्याकडे जाणार. आणि बंदराशेजारच्या त्या क्षेत्रात जागा मिळते ती माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीलाच. मग दुबई काय ठाण्याला आहे? मी तणतणले, सगळ्या सरकारी माणसांचा उद्धार केला. त्या जागेसाठीचा अर्ज मी स्वतः इंग्रजीतून लिहिला होता. एम.ए. आहे मी, माझ्या इंग्रजीचा मला भारी तोरा.

पत्रात कारण एवढंच, की तुमचा माल देशातल्या विक्रीसाठी आहे असं तुम्हीच लिहिलंय. "मी कधी लिहिलं? धडधडीत खोटं!" म्हणत मी अर्जाची प्रत जावेपुढे आपटली. ती सातवी शिकलेली, मिरच्यांची देठं काढत बसली होती. हात पुसून अक्षर अक्षर लावत तिने वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"गो, ह्या डोमेस्टिक म्हणजे गॅसच्या सिलिंडरार असता ताच ना?"

'घरगुती मसाले' याचं मी 'डोमेस्टिक मसाले' केलं होतं. एकदा नाही, पानोपानी. घरात केलेला, असं मला म्हणायचं होतं. पत्रातलं कारण पुन्हा वाचलं तेव्हा उमगलं, बंदरावरच्या लोकांच्या भाषेत डोमेस्टिक माल म्हणजे देशातच विकायचा माल. आमची वाट मीच लावली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सुधारलेला अर्ज आणि दुबईच्या मागणीचं पत्र घेऊन आम्ही दोघी थेट अधिकाऱ्यांसमोर. सगळं ऐकून ते हसू दाबत म्हणाले, "मॅडम, भाषांतर केलं कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "आमी दोघींनी."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पात्र! मी गाळ्यात अक्षरशः ओरडले. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका हातातलं काम टाकून भोवती जमल्या. जावेने ते पत्र माझ्या हातातून काढून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत इंग्रजीतून, मोठ्याने, सगळ्यांना वाचून दाखवलं. 'एलिजिबल'चा उच्चार तिने भलताच केला. दुरुस्त करायची माझी काय बिशाद!