तिसऱ्या पदातला नवरा

आमच्या गुरुजींनी पाच पदांची एक माळ बांधली. पदं जुन्या संगीत नाटकांतली, पण खेड्यात हौसेने बसवलेल्या नाटकांतली. राळेगावकडे शिंपीकाम करणारे एक चाचा तरुणपणी त्या नाटकांत बायकांची कामं करायचे. त्यांनी आपल्या नकला अस्तराच्या कापडात बांधून जपल्या होत्या. नक्कल म्हणजे नटाची वही. तिच्यात फक्त त्याची वाक्यं आणि त्याची पदं असतात, आणि आपली पाळी कळावी म्हणून समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. पूर्ण नाटक कुणाकडेच उरलं नव्हतं.

गुरुजी यवतमाळचे, शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. नकला त्यांनी कुणाच्या तरी हाती मागवून घेतल्या, पण चाचांना भेटायला काही गेले नाहीत. शब्द समोर आहेत, मग विचारायचं काय, असा त्यांचा खाक्या. वहीत चाली लिहिलेल्या नव्हत्या, म्हणून पाचही पदं त्यांनी रागदारीत नव्याने बांधली. एका कार्यक्रमात, मधे एक शब्दही न बोलता, ती एकामागून एक म्हणायची होती. मी दर रविवारी नेरहून बसने शिकायला जायची. आठवडाभर मुलांना गणित शिकवणाऱ्या बाईची तेवढीच चैन.

गाडी अडली ती तिसऱ्या पदावर.

'दिस कलला अंगणी, अजून ना ये घरधनी', अशी त्याची सुरुवात. त्याच्या आधी नकलेत समोरच्याचे तीनच शब्द होते: 'कधी येणार तो?' गुरुजींनी ते कुण्या मैत्रिणीचे मानले, पदाला मारवा दिला, लय अगदी संथ ठेवली आणि वहीत वर लाल शाईने 'करुण' असं लिहिलं. कोमल रिषभावर माझा आवाज थरथरला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. तो थरथरायचा नाही. सूर लागायचा, टिकायचा आणि उतरायचा, बस.

"पद म्हणून राहिली का बाजारभाव वाचून राहिली?" गुरुजी विचारायचे. मी हसून वेळ मारून न्यायची. पण ते मला लागायचं. दोन वर्षांपूर्वी माझा नवरा गेला तेव्हाही मी चारचौघांत रडले नव्हते, आणि जावेने ते चारचौघांतच बोलून दाखवलं होतं. आपल्यात काहीतरी कमी आहे, हे मीही एव्हाना मान्य करून टाकलं होतं.

शेवटी गुरुजींनी ते पद उमरखेडच्या एका शिष्येला द्यायचं ठरवलं. तिच्या गळ्यात रडू कायम तयार असायचं. बाकीची चार माझ्याकडे. माळ मधेच तुटणार हे त्यांनाही दिसत होतं, म्हणून कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारी त्यांनी चाचांना बोलावून घेतलं. चाचा म्हणतील तसं करू, असं ठरलं. मी वरवर बेफिकिरी दाखवली, पण मला ते पद हवं होतं. फार हवं होतं.

चाचा आले. ऐंशीच्या पुढचे, एका कानात मशीन. चहा बशीत ओतून सावकाश प्यायले आणि म्हणाले, "म्हणा."

आधी ती म्हणाली. सुरेखच म्हणाली. रिषभावर आवाज असा कापला की गुरुजींनी डोळे मिटून घेतले. पद संपल्यावर सगळे चाचांकडे बघू लागले.

"गोड हाय जी," चाचा म्हणाले. "पण नवरा पकडल्या गेला."

कुणालाच काही कळेना. गुरुजींनी विचारलं, "कोणाचा नवरा?"

"तिचाच. तो तं मांगच्या खोलीत लपून राह्यला ना. दारात शिपाई उभा हाय. तो इचारते, कधी येणार तो? मंग हे पद. तिले शिपायाले दारातच थांबवाचं हाय, नवरा मांगून निंगून जायस्तोवर. ते कायची वाट पाहते?" चाचांनी बशी खाली ठेवली. "आवाज हलला का शिपायाले समजते."

गुरुजींनी नक्कल पुढे ओढून ते तीन शब्द पुन्हा वाचले. माझ्यासमोर त्यांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तू म्हण."

मी म्हटलं. जसं नेहमी म्हणते तसंच, बाजारभावासारखं. चाचा मशीनवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकत होते. शेवटच्या ओळीला त्यांनी मान वर केली.

"हां. आता गेला तो निंगून."

उमरखेडची बाई चांगली. तिने आपणहून तंबोरा माझ्याकडे सरकवला. चाचांना बसस्टँडवर सोडायलाही तीच गेली. खोलीत गुरुजी आणि मी उरलो.

"तुले हे आधीच कसं समजलं?" गुरुजींनी विचारलं. वीस वर्षं त्यांनी मला शिकवलं होतं, विचारलं काही नव्हतं.

मला काही समजलं नव्हतं, हे खरंच. तसं मी सांगितलंही. मग सांगितलं की दवाखान्यात नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, घरी कधी जायचं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सगळं सांगून टाकलेलं होतं. मी आत यायची, त्याची चादर सारखी करायची आणि म्हणायची, "परवा." नऊ दिवस मी परवाच म्हटलं. नवव्या दिवशी त्याने मला बॅग भरायला लावली.

गुरुजींनी पेटीवरची वही उघडून 'करुण' हा शब्द खोडला. त्या जागी काय लिहावं ते त्यांना सुचेना, तेव्हा जागा तशीच ठेवून त्यांनी मला सूर दिला.