कॅमेरा बंद करून बोलणारी मुलगी

फोनवरची शाळा बरी की वर्गातली, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. एरवी मी फटकळ बाई. टाळेबंदीत दौंडजवळच्या आमच्या शाळेला कुलूप लागलं आणि वर्ग फोनवर भरू लागला, तेव्हा मी मुख्याध्यापकांना तोंडावर म्हणाले होते, "ही शाळा नाही, नुसता खेळखंडोबा आहे." गावातले बरेच बाप कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला. ते पहिली शिफ्ट करून फोनसकट घरी आले, की मग आमचा वर्ग. त्यातही निम्मा वेळ रेंज नाही, उरलेला वेळ कुणाची तरी कोंबडी ओरडतेय.

वर्गात एक मुलगी होती. पहिलीपासून माझ्याकडे, पण तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लिहायची छान. उभी केली की मान खाली. घरी बोलते म्हणे, पण चार माणसांची नजर पडली की संपलं.

एका दुपारी मी फोनवर म्हणाले, घरातलं काहीतरी सांगा. तिचा कॅमेरा नेहमीसारखा बंद होता, आणि त्या काळ्या चौकटीतून आवाज आला. "बाई, आमची शेळी काल व्याली. पहिलं करडू झालं तवा ती त्याला चाटंचना. मग मी त्याला उचलून तिच्या तोंडाशी नेलं..." ती सांगतच राहिली. गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी मी जागची हलले नाही. एवढं सगळं आत ठेवून ही मुलगी इतकी वर्षं माझ्यासमोर गप्प बसत होती!

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिचे वडील भेटायला आले.

"बाई, फोनवर पोरगी घडाघडा बोलती. वर्गात पुन्हा मुकी व्हईल. तिला घरूनच शिकवा की."

"फोन तिच्याशी लंगडी खेळणार आहे का?" मी चिडून म्हणाले. पण माणूस खोटं बोलत नव्हता.

"उद्याच्याला धाडतो," ते म्हणाले. "बोलली तर शाळा. न्हाईतर घरीच."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी तिला पुढे बोलावलं. करडाचं सांग म्हटलं. ती टेबलाशी उभी राहिली, सगळ्यांकडे पाहिलं आणि डोळे भरले. मी तिला खाली बस म्हणणारच होते, तेवढ्यात तिची शेजारीण उठली. ही वर्गातली सगळ्यात बडबडी पोर, दिवसातून दहादा माझी बोलणी खाणारी.

"बाई, तिला कॅमेरा बंद लागतो. आपण करू ना बंद."

असं म्हणून ती सतरंजीवर मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली. मग तिच्या बाजूची फिरली. मग मुलं. बघता बघता सगळा वर्ग भिंतीकडे तोंड करून गप्प बसला. कोणी हसलं नाही. मी हे शिकवलं नव्हतं. मला सुचलंही नसतं. मीही फळ्याकडे वळले.

मी फळ्यावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

मग आवाज आला. "ते करडू आता उड्या मारतंय..." आधी बारीक, मग मोकळा. तिने सगळं सांगितलं, अगदी शेवटापर्यंत.

डोळे पुसून मी वळले, तर दारात तिचे वडील. शिफ्टवरून थेट आलेले, अंगावर कंपनीचेच कपडे. आमच्याकडे पाठ करून मैदानाकडे बघत उभे होते.

"बाई," ते तसेच म्हणाले, "झालं का तिचं? वळू का मी?"