आतारबाईंची बुटकी लाल गाडी

आमच्या भोरमध्ये जुनी गाडी बघायला एकट्याने जायची पद्धत नाही. सोयरीक जुळवायला जेवढी माणसं लागतात तेवढी यालाही लागतात. एक गाडीतलं कळणारा, एक पैसे देणारा, एक जिच्यासाठी गाडी घ्यायची ती व्यक्ती आणि एक नुसताच चहा प्यायला. त्या रविवारी सकाळी कापूरहोळला जी मंडळी निघाली, त्यात चहाची जबाबदारी माझ्यावर होती.

गाडी घ्यायची होती शाहिस्ता आतार यांना. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय एकोणपन्नास, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि गळ्यात जांभळ्या दोरीला बांधलेली लोखंडी शिट्टी. ही शिट्टी त्या लग्नकार्यातही काढत नाहीत. त्यांचे यजमान लियाकत माझे शाळासोबती. बाजारपेठेत त्यांचं कुंकू, बुक्का आणि अत्तराचं दुकान आहे. माणूस इतका सौम्य की गिऱ्हाईक भांडायला आलं तरी बुक्क्याची पुडी घेऊन परत जातं.

बाईंची शाळा वेल्ह्याच्या अलीकडे. भोरहून जाऊन-येऊन नव्वद किलोमीटरच्या घरात. बावीस वर्षांत बाईंनी हा रस्ता एसटीने केला, वडापच्या खच्चून भरलेल्या जीपने केला, स्कूटीने केला. पण खरा जीव एसटीत. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट ठरलेली. तिथे बसून बहुतेक शिक्षक वह्या तपासतात. बाई ड्रायव्हरचा डावा हात तपासायच्या. कुठल्या वळणावर कोण कुठला गिअर टाकतो हे त्यांना पाठ होतं. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून आज कोण ड्रायव्हर आहे ते सांगायच्या. एकदा चढावर त्यांच्याने राहवलं नाही.

"दादा, दुसरा टाका आता. इंजिन दमलंय."

ड्रायव्हरने मागे वळून असं बघितलं की कंडक्टरने तिकिटांचं यंत्र पोटाशी धरलं. मग त्याने दुसरा टाकला. इंजिन शांत झालं. ड्रायव्हरही.

गणिताच्या तासालाही तेच. बाकीच्या शाळांतली मुलं आगगाडी पुलावरून नेतात. बाईंच्या वर्गातली मुलं लाल गाडी नसरापूरहून वेल्ह्याला नेतात, आणि त्या गाडीचा वेग दरवर्षी थोडा वाढतो.

तर अशा बाईंना मागच्या महिन्यात मोबाईलवर एक लाल गाडी दिसली. छोटी, बुटकी, रुंद चाकांची, मागे दोन धुराडी. पुण्याच्या एका मुलाची होती आणि तो विकत होता. बाईंनी तो फोटो मला दाखवला, शेजारणीला दाखवला, केंद्रप्रमुखांना बैठकीत दाखवला. लियाकतला मात्र शेवटी दाखवला, कारण लियाकतच्या मनात दुसरीच गाडी होती. त्याच्या मामेभावाची पांढरी, उंच, सात जणांची.

"हिच्यात माणसं कुठं बसणार?" लियाकतने विचारलं.

"माणसं कशाला? मी बसणार."

"आणि अम्मी?"

"अम्मी पुढं. खिडकीशी."

"आणि जत्रेचा माल?"

"माल तुमच्या जुन्या व्हॅनमधून जातो तसाच जाईल. ती मीच चालवते ना दर जत्रेला? बारा वर्षं बुक्का वाहिलाय मी. आता मला हवी तशी गाडी पाहिजे."

शेवटी तह झाला. रविवारी लाल गाडी बघायची. जमली तर जमली. नाही जमली, तर सोमवारी पांढरी दारात उभी राहणार आणि बाई तोंडातून चकार शब्द काढणार नाहीत. शब्द देताना बाईंचा चेहरा निकाल लागायच्या आदल्या दिवशीच्या मुलासारखा झाला होता.

गाडीतलं कळणारा माणूस म्हणून लियाकतने कामथडीच्या चिमाजीनानांना धरलं. नाना सत्तरीचे. पन्नास वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. बाजारात बैल कमी झाले तसे ते जुन्या गाड्यांकडे वळले, पण पद्धत तीच ठेवली. गाडीच्या टायरवर अंगठा दाबतात, बॉनेट उघडून दात बघितल्यासारखं आत बघतात आणि निघताना मागच्या बाजूला एक थाप मारतात. नानांना गाडी चालवता येत नाही. त्याने काही अडत नाही, बैलही त्यांनी कधी स्वतः जुंपला नव्हता.

कापूरहोळच्या फाट्यावर, धाब्याच्या बाकड्यावर बसून नानांनी आम्हाला नियम सांगितले.

"एक ध्यानात ठेवा. जनावर आवडलं ह्ये मालकाला कळता कामा न्हाई. बगता क्षणी नावं ठेवायची. म्या सुरू करणार, तुमी मागनं वढायचं. मास्तरीनबाई, तुमी तर बोलूच नगा. तकडं त्या पिंपाजवळ उभं ऱ्हावा आन् कडू कारलं खाल्ल्यागत तोंड करा."

"आणि तो निघून गेला तर?" बाईंनी विचारलं.

"जातोय कुठं! धा पावलं जाईल. पन्नास वर्सांत अकराव्या पावलाला गेल्याला गडी म्या बगितला न्हाई."

तेवढ्यात लाल गाडी आली. फोटोत होती त्याहून बुटकी आणि त्याहून लाल. येताना असा घोगरा आवाज काढत आली की धाब्यावरच्या दोघांचे मिसळीचे घास हातातच राहिले. बाईंचा हात शिट्टीकडे गेला, डोळे मोठे झाले. नाना खाकरले. बाईंनी कारलं आठवलं आणि पिंपाकडे तोंड फिरवलं.

गाडीतून उतरला स्वरूप. तिशीतला, चष्मा, खांद्यावर लहान मुलाने दूध ओकल्याचा डाग. नमस्कार करून म्हणाला, "जुळ्या मुली झाल्यात. दोघींच्या सीटा बसवल्या की बायकोला जागाच राहत नाही. म्हणून विकतोय. नाहीतर विकली नसती."

एवढं खरं बोलणाऱ्या माणसाला बैलबाजारात कोणी आत सोडलं नसतं. नानांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"पोट लई खाली हाय. आमच्याकडचं गतिरोधक ह्या पोटानं मोजत जायचं का?"

स्वरूप काही बोलायच्या आत नाना मागे गेले.

"आन् ही दोन धुराडी कशापायी? एकानं भागत न्हाई व्हय?"

"रंग फार भडक आहे," लियाकत म्हणाला. सगळं आयुष्य कुंकू विकलेला माणूस हे म्हणाला! मग त्याला स्वतःलाच वाईट वाटलं असावं, कारण तो पुटपुटला, "म्हणजे चांगला आहे, पण भडक."

नानांनी मला कोपराने ढोसलं. मी डिकी उघडून म्हणालो, "यात माझा जेवणाचा डबासुद्धा आडवा ठेवावा लागेल." मला उगाचच बरं जमल्यासारखं वाटलं. मग आम्ही तिघेही रंगात आलो. स्टिअरिंग लहान, काचा काळ्या, सीटा खोल, बसलेला माणूस उठवायला दुसरा माणूस लागेल. नानांनी बॉनेटवर अंगठा दाबून, "पत्रा हाय का पापड?" असं विचारलं, तेव्हा आम्ही जवळजवळ टाळ्या दिल्या.

 स्वरूपने खिशातून रुमाल काढून नानांच्या अंगठ्याचा ठसा पुसला. डिकी हळूच लावली.

"काका, राहू द्या," तो म्हणाला. "तुम्हाला आवडली नाही ना? मग नको. मी जास्त पैशासाठी आलो नव्हतो. गाडी चांगल्या माणसाकडे जावी एवढंच होतं." आणि तो आत बसला.

नाना खुशीत कुजबुजले, "आता बगा. मोजा."

गाडी हलली. नाना बोटांवर मोजू लागले. आठ झाली, नऊ झाली, दहा झाली. लाल गाडी रस्त्याच्या कडेला पोचली. पंधरा. उजव्या बाजूचा दिवा लुकलुकू लागला, पुण्याच्या दिशेचा. नानांची बोटं संपली होती. ते हाताकडे असे बघत होते, जणू कोणीतरी त्यांची दोन बोटं चोरली.

"नाना, जातोय तो!" लियाकत ओरडला. आश्चर्य म्हणजे पांढऱ्या गाडीचा हा कैवारी सगळ्यात आधी ओरडला.

"थांबल, थांबल," नाना म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

पिंपाजवळून जांभळ्या दोरीची शिट्टी वाजली.

बावीस वर्षं मैदानभर पसरलेल्या पोरांना एका जागी आणणारी ती शिट्टी. कांद्याचा टेम्पो जागच्या जागी थांबला. स्वारगेटला निघालेली एसटी थांबली. फाट्यावरच्या वाहतूक पोलिसाचा हात आपोआप वर गेला आणि मग तो स्वतःच आपल्या हाताकडे बघू लागला. मिसळवाले उठून उभे राहिले. आणि लाल गाडी, उजवा दिवा लुकलुकवत, थांबली.

बाई साडीच्या निऱ्या सावरत पळाल्या. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते, तेही शाळेचेच. आम्ही तिघे मागून. त्या खिडकीशी पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती, तरी शब्द थांबत नव्हते.

"हे बघा, यांचं ऐकू नका. हे बैल बघत होते. मी कारल्याचं तोंड केलं होतं, मला करायला लावलं होतं. मला ही गाडी आवडली आहे. एक महिना मी रोज हिचा फोटो बघते. तुम्ही आत्ता येताना फाट्यावर तिसऱ्यावरून दुसरा टाकलात ना, तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून मी कारलं विसरलेच होते.  आणि एक सांगते, तिसरा तुम्ही उशिरा टाकता. तिला आधी हवा असतो."

स्वरूपने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"माझी बायकोही हेच म्हणते," तो म्हणाला. मग उतरून त्याने दार उघडून धरलं. "बसा. चालवून बघा."

बाईंनी सीट पुढे घेतली, अजून पुढे घेतली, पर्सची घडी करून पाठीला लावली. स्वरूप शेजारी. मागे आम्ही तिघे. "जनावर वजनावर बगायचं," असं म्हणून नाना मधे शिरले आणि त्यांचे गुडघे त्यांच्याच मिशांना टेकले. लियाकतने डोळे मिटले.

भोरच्या रस्त्याला लागल्यावर पहिलाच गतिरोधक आला. बाईंनी गाडी तिरकी घातली. एक चाक चढलं, मग दुसरं, मग मागची दोन, एकेक करत. पोट कुठे घासलं नाही. आमच्या तिघांच्या वजनासकटसुद्धा नाही.

"कुठे शिकलात हे?" स्वरूपने विचारलं.

"बघून," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षं बघून."

मग चढ आला आणि बाईंनी तिसरा टाकला. आधी. गाडी अशी उचलली की नाना माझ्या मांडीवर आणि मी दारावर. खिडकीतून उसाचे तुरे मागे पळत होते. वळणावर बाई ओठ दाबून गिअर उतरवायच्या आणि बाहेर पडताना हसायच्या. लहान मुलगी झोका वर गेल्यावर हसते तसं. लियाकतने एक डोळा उघडला. आरशात त्याला बायको दिसली असावी, कारण मग त्याने दुसराही उघडला आणि परत मिटला नाही.

"हळू," तो म्हणाला. पण असं म्हणाला, जणू त्याला तसं काही नकोच होतं.

"वढतीय," मधून नानांचा आवाज आला. "तीन म्हातारी घिऊन चढाला वढतीय. ह्ये खरं हाय."

नेकलेस पॉइंटला गाडी थांबली. खाली नीरा आपलं वळण घेत पडली होती. बाईंनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.  शेवटी लियाकतने विचारलं, "कागदपत्रं बरोबर आणलीत ना?"

मामेभावाच्या गाडीबद्दल एवढंच काय ते बोलणं झालं.

भाव एका पैशाने उतरला नाही. ज्या बाईने भर रस्त्यात एसटी थांबवून गाडीवरचं प्रेम कबूल केलं, तिच्यासाठी घासाघीस करायला नानांकडे तोंड नव्हतं. तरी त्यांनी गाडी झाकायचं कव्हर फुकट मिळवलं. ते स्वरूप देणारच होता.

किल्ली देताना तो क्षणभर थांबला. किल्लीला एक छोटी कापडी मासोळी लटकत होती. "ही ठेवू का मी?" त्याने संकोचत विचारलं. "मुलींना खेळायला."

नानांचा चेहरा उजळला. "ठेव की! बैल इकला तरी दावं देऊ नये. दावं मालकानं घरी न्यायचं, गोठा रिकामा ऱ्हात न्हाई. कोन म्हनलं ह्ये पोरगं अडाणी हाय?"

तसं कोणीच म्हटलं नव्हतं. पण जनावराला नवं दावं हवं, तेही नवीन मालकाचं, असं नानांनी बजावलं. बाईंनी गळ्यातली शिट्टी काढली. लग्नातही न निघालेली शिट्टी. जांभळी दोरी सोडवून किल्लीला बांधली आणि शिट्टी दोरीच्या दुसऱ्या टोकाला तशीच ठेवली.

स्वरूपला आम्ही परत कापूरहोळच्या फाट्यावर सोडलं. पुण्याची एसटी आली तेव्हा बाईंनी त्याला बजावून सांगितलं, "ड्रायव्हरच्या मागची सीट घ्या." तो मासोळी मुठीत धरून चढला आणि तिथेच बसला. नानांना त्यांच्या कामथडीला जायचं होतं. जाताना त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला थाप मारली. बाईंनी आरशातून बघितलं आणि पहिला टाकला.

लियाकत आता पुढे बसला होता. त्याने खिशातून अत्तराची कुपी काढली, कापसाचा फाया भिजवला आणि एसीच्या जाळीत खोचला. गाडीभर मोगऱ्याचा वास पसरला.

चढावर आमच्यापुढे भोरची एसटी कण्हत चालली होती. रस्ता समोर मोकळा होता. बाई तिच्या बाजूने पुढे निघाल्या, लियाकतच्या बाजूच्या खिडकीची काच खाली केली आणि ड्रायव्हरच्या बरोबरीला येताच मान वर करून ओरडल्या,

"दादा, दुसरा टाका! दमलंय ते!"

त्याने टाकला की नाही ते कळलं नाही. तोवर आम्ही दोन वळणं पुढे होतो.